लाव्या बसत नाहीत

"निरा नाच लावला आहे. बसाचं नाव नाही. बसत काहून नाही वं तुम्ही? पायाले काय भवरे बांधले का?"

भागीरथाबाई हे देवाला म्हणत नव्हत्या, सुनेलाही म्हणत नव्हत्या. संत्र्याच्या पेटीत तुरुतुरु फिरणाऱ्या लाव्यांना म्हणत होत्या, आणि तेही इतक्या हळू की पलीकडच्या भिंतीलाही कळू नये. पण प्रेमिला भिंतीपलीकडे नव्हतीच. ती पडवीतल्या न्हाणीच्या पत्र्याच्या दाराआड उभी होती आणि दोघींच्या मध्ये तेवढा तो तापलेला पत्रा होता. तिच्या डाव्या मुठीत, पदराखाली, मोठ्या सुपारीएवढं काहीतरी कोमट, ठिपकेदार होतं.

प्रेमिलानं श्वास आवरला. दुपारी नामस्मरण करून सासूबाई पडत, ते ऊन उतरल्यावरच उठत. ह्या पेटीकडे तर त्या ढुंकूनही पाहत नाहीत असा घरात समज होता. आणि आज पाहावं तर कमरेवर हात ठेवून पाखरांना अशा रागावत होत्या, जशी एखादी खाष्ट सुईण पहिलटकरणीला रागावते.

थोड्या वेळानं पावलं घरात गेली. प्रेमिला बाहेर आली, मुठीतलं होतं तसं पेटीतल्या पणतीत ठेवलं आणि हात तीनदा धुतले. सासूबाई बोलल्या नाहीत म्हणजे त्यांना ठाऊक नाही, असं तिनं मनाला सांगितलं. मनानं काही ते ऐकलं नाही. पण त्या दिवसांत मनाकडे लक्ष द्यायला सवड कुणाला होती?

दिल्लीला एशियाड झालं, त्या वर्षीचा हा उन्हाळा. घर मानकापूरच्या नव्या लेआउटमधलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागं ही पत्र्याची पडवी. रुपराव खापरखेड्याच्या वीज केंद्रात कामाला. कधी सकाळची पाळी, कधी रात्रीची. घरी आले की रुमालातून आधी कोळशाची भुकटी झटकायचे आणि मग चपला काढायचे. त्यांची आई भागीरथाबाई पारशिवनीकडची धानाची शेती थोरल्या मुलाच्या हाती सोपवून इथं नातीजवळ आली होती. नात एकच, चारुशीला, अकरा वर्षांची. आणि चारूला दिवाळीपासून ताप.

ताप म्हणजे फणफणणारा नव्हे. संध्याकाळ झाली की हळूच अंगात येऊन बसायचा, घरच्या माणसासारखा. मग खोकला लागला, फ्रॉक खांद्यावरून ओघळायला लागला. सदरच्या डॉक्टरांनी फोटो काढला, छातीत गाठी आहेत म्हणाले. इंजेक्शनं लिहून दिली, गोळ्या लिहून दिल्या आणि शेवटी चष्मा पुसत म्हणाले, "औषध लढेल हो. पण लढायला पोरीच्या अंगात काही तरी पाहिजे ना? रोज एक अंडं द्या."

नवरा-बायको रिक्षातून घरी आले. दारात भागीरथाबाई वाट पाहत होत्या. काय म्हणाले डॉक्टर, म्हणून त्यांनी विचारलं. ताकदीचं द्या म्हणाले, असं प्रेमिला म्हणाली. ताकदीचं म्हणजे काय, हे भागीरथाबाईंनी विचारलं तेव्हा रुपराव चपला काढण्यात फार गुंतले होते. "हेच, दूध-बिध," ते चपलांना म्हणाले.

कारण घर महानुभावांचं. ह्या घरात पाणी गाळून पितात, जळण झटकून चुलीत घालतात, उंबऱ्यावर मुंग्यांची रांग असली तर वळसा घालून जातात. भागीरथाबाईंच्या देवपूजेच्या पेटीत मखमलीवर छोटे छोटे पाषाण आहेत, स्वामींच्या चरणांनी पावन झालेल्या जागांचे. त्या पेटीला दंडवत घातल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब जात नाही. त्या घरात डॉक्टरांचा तो शब्द कुणी कुठल्या जिभेनं उच्चारायचा? त्या दिवसापासून त्याला नाव पडलं 'ते'. "डॉक्टरांनी सांगितलेलं ते." आणि मग तेही म्हणणं बंद झालं.

प्रेमिलानं आधी एकदा हिंमत केली होती. शेजारच्या सिंधूताईंच्या घरी सगळं चाले. चारूला खेळायला म्हणून तिकडे नेलं आणि ताटलीत समोर ठेवलं, मीठ-मिरं लावून. पोरीनं ताटलीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. आजीला काय सांगू, एवढंच तिनं विचारलं. घास तोंडात गेला नाही, तरी घरी येऊन तिनं तीन चुळा भरल्या. आजीच्या मांडीवर वाढलेलं पोर ते. तिला औषध म्हणून सांगूनही चालणार नव्हतं. तिच्या नकळतच द्यायला हवं होतं.

दुधात फेटून देता येईल, असं सिंधूताईंनीच सुचवलं. पण कोंबडीचं म्हणजे एवढं मोठं, त्याचा वास दुधात लपत नाही. बाजारातून आणायचं तर उंबऱ्याच्या आत कसं आणायचं? मग सिंधूताईंना सुचलं. त्यांचे मालक मधुकरराव कुक्कुट केंद्रात होते. तिथं नव्यानं जपानी बटेर, म्हणजे लाव्याच, आल्या होत्या.

"इवलीशी पाखरं, आवाज नाही का घाण नाही. आणि त्यायचं एवढंसं असते," सिंधूताईंनी अंगठा आणि बोट जुळवून दाखवलं. "दुधात जाऊन बसलं तं दुधालेही पत्ता लागत नाही."

प्रेमिलाला पटलं ते वेगळ्याच कारणानं. बाहेरून आणलेलं उंबऱ्यावर अडतं. पण पाखरू म्हणजे जीव, आणि जिवाला ह्या घराचं दार कधीच बंद नव्हतं. पाखरू आत आलं आणि मग घरातच काही घडलं, तर ते आणलं कुणी? कुणीच नाही. बुडणाऱ्या बाईला असली कायद्याची कलमं फार लवकर सुचतात.

पिल्लं आली तेव्हा थंडीचे दिवस होते. बुटाच्या खोक्याला भोकं पाडून मधुकररावांनी आणून दिली. पाखरं कसली, पाय फुटलेले पिवळे-काळे भुंगेच. केंद्रात जास्तीची झाली होती, टाकून देणार होते, असं प्रेमिलानं सासूबाईंना सांगितलं. खोटं बोलण्याचं पाप वेगळं, ते तिनं आधीच हिशेबात धरलं होतं. भागीरथाबाईंनी खोक्यात वाकून पाहिलं. जीव आहे तर राहू दे म्हणाल्या, फक्त देवपूजेच्या पेटीपासून दूर ठेव.

पाखरू पाळायचं म्हणजे काय, हे प्रेमिलाला कुठं ठाऊक होतं? ती एकेक गोष्ट चुकून शिकली. संत्र्याची पेटी आणली, तळाला वर्तमानपत्र अंथरलं. तर गुळगुळीत कागदावर पिल्लांचे पाय फाकले आणि एक पिल्लू पुन्हा उभंच राहिलं नाही. मग कागदावर तरटाचा तुकडा आला. उबेसाठी बल्ब टांगला; जवळ झाला तर पिल्लं कोपऱ्यात पळायची, दूर झाला तर एकमेकांच्या अंगावर ढीग करून खालचं चेंगरायचं. वर जाळी ठोकली. तर जरा भांडं पडलं की पाखरं सरळ वर उसळायची आणि डोकं फोडून घ्यायची. मग जाळीच्या आतून जुन्या लुगड्याचं छत बांधलं. पाण्याला बशी ठेवली, तर सकाळी त्या बोटभर पाण्यात एक पिल्लू बुडून मेलेलं. त्या बशीसमोर प्रेमिला बराच वेळ बसून राहिली. ज्यानं घरात जीव वाचायचा, त्यासाठी हे रोज एकेक जीव जात होते.

दुसऱ्या दिवशी पाहते तर बशीत खडे घातलेले. एकसारखे, गोल, धुऊन स्वच्छ केलेले. खड्यांच्या फटीतून पाखरांची चोच पाण्यात जाई, पाखरू जात नसे. समोरच्या बांधकामावर कन्हानच्या रेतीचा ढीग पडला होता, त्यातलेच खडे ते. सिंधूताई येऊन गेल्या असतील, असं तिला वाटलं. विचारायचं राहून गेलं.

खाण्याची आणखी एक गंमत. तांदळाच्या कणीवर आणि मक्याच्या भरड्यावर ही पाखरं वाढतात, पण पुढचं काही करत नाहीत. मधुकररावांच्या मते त्यात सुकटीचा कुटा पाहिजे. महानुभावाच्या घरात सुकट! शेवटी सिंधूताई आपल्या घरी कुटून, भुईमुगाच्या ढेपेत मिसळून, बंद डब्यात 'पाखरांचं औषध' म्हणून द्यायला लागल्या. डबा उघडला की प्रेमिला तोंड फिरवी. रुपरावांना एकदा वास आला. त्यांनी नाक वर केलं, बायकोकडे पाहिलं आणि पाखरं मोठी झाली बुवा, एवढंच म्हणून ते पाळीवर निघून गेले. ह्या माणसाचा हाच एक गुण होता आणि हाच एक दोष.

फाल्गुन लागता लागता एका सकाळी तरटावर ते दिसलं. मातकट, वर शाईचे शिंतोडे उडाल्यासारखं. प्रेमिलानं हात पुढे केला आणि मागे घेतला.

एवढे दिवस सगळी धडपड इथवर येण्याची होती. आता आली, तर हात उचलेना. ती लावी बाजूलाच उभी होती, मान तिरपी करून पाहत. आईच ती. तिच्यासमोर तिचं उचलायचं आणि आपल्या लेकीला पाजायचं?

मग तिनं मनाशी एक नेम केला. वडिलांच्या वाडीत बोरीच्या झाडावर दगड मारायचा नाही, खाली पडलेली बोरं वेचायची, अशी तिच्या माहेरची रीत होती. झाडानं टाकलेलं घेतलं तर चोरी नाही. तसंच हे. लावीला पिल्लू हवं असेल तर ती ऊब द्यायला त्यावर बसेल. बसली तर हात लावायचा नाही, चारूच्या शपथेवर. तीन दिवस वाट पाहायची. तीन दिवसांत नाही बसली, तर तिनं टाकलं; मग टाकलेलं उचलायला हरकत नाही.

नेम चोख पाळायचा तर कुठलं कधीचं ते कळायला हवं. आधी काजळाचा ठिपका लावून पाहिला; पण मुळात सगळंच ठिपक्यांचं, त्यात काजळाचा कोणता ते सापडेना. मग दिवाळीच्या पणत्या काढल्या. एकेका पणतीत एकेक, पेटीच्या कडेनं रांगेत. नवं आलं की डावीकडे, जुनं झालं की उजवीकडे. पाखरांना वाटेत येईल, अंगाखाली घ्यावंसं वाटेल, अशा बेतानं. पाखरं पणत्यांवरून उड्या मारत फिरत. एकही बसली नाही.

उजवीकडच्या टोकाची पणती रिकामी व्हायला लागली. प्रेमिला दूध उकळायची, हळद, गूळ आणि जायफळ घालायची, पेल्यावर फडकं धरायची, तोंड दुसरीकडे करून ते फडक्यावर फोडायची आणि चमच्यानं फेटायची. पाहायचं नाही असाही एक नेम होता. टरफलं चुलीत.

आणि चारू सुधारली. खरंच सुधारली. डॉक्टरांच्या काट्यावर तिचा आकडा वर सरकला. संध्याकाळचा ताप एखाददुसऱ्या दिवशी यायचाच विसरला. ती अंगणात लंगडी घालू लागली, आजीला पाढे म्हणून दाखवू लागली. डॉक्टर खूष होऊन म्हणाले, देता आहात तेच चालू ठेवा. त्याच सुमारास एक दिवस भागीरथाबाईंनी देवपूजेची पेटी स्वयंपाकघरातून उचलून पुढच्या खोलीत नेली. चुलीच्या धुरानं मखमल काळी पडते म्हणाल्या. इतकी वर्षं पडली नव्हती ती आत्ताच कशी पडायला लागली, हे कुणी विचारलं नाही. त्या घरात न विचारण्याची सवय आता चांगली मुरली होती.

मग ऊन वाढलं.

नागपूरचं ऊन म्हणजे काय ते नागपूरकरांना सांगायला नको. चैत्र सरला आणि पडवीचा पत्रा दुपारी तव्यासारखा वाजायला लागला. पेटीवर ओलं तरट टाकलं तरी घटकाभरात वाळे. पाखरं चोच उघडी टाकून पंख पसरून बसत. बसत म्हणजे नुसती पडत, पणत्यांपासून लांब. नरांचं मात्र भर उन्हातही चाले. गळा फुगवून, कुणी सुपलीवर खडे घासावे तसं ओरडत.

चारूला एका संध्याकाळी ओकारी झाली. उन्हाची असेल म्हणून कैरीचं पन्हं दिलं. दोन दिवसांनी पुन्हा. मग पोट बिघडलं. डॉक्टरांनी गोळी बदलली. गोळी बदलल्यानं काही झालं नाही. काट्यावरचा आकडा जसा चढला होता तसा उतरायला लागला, चढण्यापेक्षा दुप्पट घाईनं. गालांची हाडं परत वर आली.

प्रेमिलाला त्यातून एकच कळलं: आजार जिंकतो आहे, आपली ताकद कमी पडते आहे. तिनं दुधात एकाच्या जागी दोन घालायला सुरुवात केली. पेल्यातून जरा उग्र दर्प येई. जायफळ वाढवलं. ज्या बाईनं जन्मात ते हातात धरलं नाही, तिला त्याचा वास कसा असतो आणि कसा नसतो हे कोण सांगणार? ह्याचा वासच असा, म्हणून तर आपल्या धर्मात नाही, असं तिनं समजून घेतलं. सिंधूताई असत्या तर नाक दाबून म्हणाल्या असत्या काय ते. पण शाळांना सुट्ट्या लागल्या होत्या, सिंधूताई माहेरी गेल्या होत्या, आणि तीन दिवसांचा नेम प्रेमिलानं त्यांनाही कधी सांगितला नव्हता. सांगितला असता तर त्या हसल्या असत्या. हसण्याला भिऊन माणूस काय काय लपवतं.

पेला पाहिला की आता चारू भिंतीकडे तोंड करायची. प्रेमिला तिला मांडीवर घेऊन नाक धरून पाजायची. पोरगी गिळायची, आईकडे बघायची आणि थोड्या वेळानं सगळं बाहेर यायचं. मग आई पुन्हा थोडं करून आणायची. असं ते पोरीचं आणि आईचं युद्ध चाललं होतं, आणि दोघी एकाच बाजूच्या होत्या.

भागीरथाबाई दारात उभ्या राहून पाहत. त्यांच्या हातातली माळ हलायची थांबलेली असे. त्यांनी पडवीत जाऊन पाखरांना रागावलं ते ह्याच दिवसांत.

त्यानंतरच्याच आठवड्यात चारू न्हाणीत चक्कर येऊन पडली. रुपरावांनी तिला उचलून सदरला नेलं, सलाइन लावून परत आणलं. आल्यावर ते पाळीवर गेले नाहीत, अंगणात कडुनिंबाखाली बाजेवर बसून राहिले. डॉक्टर काय म्हणाले ते त्यांनी बायकोला सांगितलं, पण तिच्याकडे न पाहता. पोटात काही टिकलं नाही तर औषधही टिकत नाही. आता दोन-चार दिवसांत पोट धरलं पाहिजे. नाही धरलं तर, इतकं म्हणून त्यांनी पुढचं वाक्य सोडून दिलं. वीज केंद्रातल्या माणसाच्या घरचीच वीज त्या दुपारी गेलेली होती. कूलर बंद, वारा बंद. आतल्या खोलीत भागीरथाबाई ओल्या फडक्यानं नातीचे तळपाय पुसत होत्या.

प्रेमिला पडवीत गेली. उजव्या टोकाच्या पणतीतलं उचललं. चारूला न्यायच्या गडबडीत त्याचे तीन दिवस होऊन वर एक झाला होता. दूध उकळलं. फडकं धरलं. तोंड फिरवलं. पण ह्या वेळी अंदाज चुकला आणि ते फडक्यावर न फुटता कडेला आपटलं आणि खालच्या पितळी ताटलीत पडलं. पडलं म्हणून तिनं पाहिलं.

पिवळ्यावर लाल दोऱ्यांचं जाळं होतं. कुणी बारीक सुईनं विणावं तसं. आणि जाळ्याच्या मध्ये एक लाल टिंब. ते टिंब हलत होतं. थांबून, पुन्हा. थांबून, पुन्हा.

प्रेमिला भिंतीला टेकून खाली बसली. रडू आलं नाही. हेच आपण इतके दिवस लेकीला पाजत होतो का, पाहायचं नाही म्हणून न पाहता? पाप कमी लागावं म्हणून जितकी वाट पाहिली, तितका त्यात जीव भरत गेला होता, किंवा नाही भरला तर नासत गेलं होतं. दोन्हींतलं काय काय चारूच्या पोटात गेलं, हे आता देवालाच माहीत. ताटलीतलं टिंब हळूहळू थांबलं. तिनं ते थांबताना पाहिलं.

"काय झालं वं?"

भागीरथाबाई स्वयंपाकघराच्या दारात होत्या. लपवायला प्रेमिलाला वेळ नव्हता. तिनं ताटली तशीच राहू दिली. आता सगळं व्हायचं ते होईल. घर धुऊन निघेल, पाखरं बाहेर जातील, आपणही. पण चारू?

भागीरथाबाई वाकल्या. त्यांनी ताटलीत पाहिलं, तोंड न फिरवता. बराच वेळ पाहिलं.

"कितव्या दिवसाचं?"

"चौथ्या," प्रेमिला म्हणाली.

"रोजच असं ठेवत होती?"

"तीन दिवस. बसते का म्हणून पाहो मी. बसली असती तं हात नसता लावला, आई, चारूची शपथ. बसलीच नाही. टाकलेलं म्हणून घेतलं."

बाहेर नर ओरडला. भागीरथाबाई चुलीजवळ, सुनेच्या शेजारी खाली बसल्या. ताटलीवर त्यांनी हळूच फडकं टाकलं, जसं पांघरूण घालतात तसं.

"मी बी रोज पाहो," त्या म्हणाल्या. "तू भांडे घासाले गेली का जाऊन पाहो. वाटे, एखादी बसली तं तुले थांबवाचं. नाही बसली तं तोंड उघडाचं नाही. पाखरालेच नको असन तं मी कोन बोलनारी? तू बी बसाची वाट पाहत होती, मी बी. आन् थे पाखरं केंद्रातल्या उबवाच्या मशिनीतून निघालेले. त्यायच्या मायनंच कधी बसून नाही दाखवलं, थे काय बसतीन?"

प्रेमिलानं मान वर केली. तिला बशीतले ते गोल, धुतलेले खडे आठवले. पुढच्या खोलीत गेलेली देवपूजेची पेटी आठवली. भागीरथाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. उठताना त्यांच्या तोंडून दरवेळी स्वामींचं नाव निघे. ह्या वेळी निघालं नाही.

त्या पडवीत गेल्या. पेटीवरचं तरट सरकल्याचा आवाज आला, पाखरांची फडफड झाली, पणती पणतीवर वाजली. परत आल्या तेव्हा त्यांची मूठ मिटलेली होती आणि तो हात त्यांनी स्वतःपासून थोडा लांब धरला होता, एखाद्याचं मूल प्रथमच हातात घेतल्यासारखा. मूठ उघडून त्यांनी ते प्रेमिलाच्या तळहातावर ठेवलं. ओलसर होतं अजून. गरम.

"आत्ताचं आहे. माह्यासमोर पडलं."

प्रेमिलानं सवयीनं ते पदराखाली घेतलं. भागीरथाबाईंनी तिचा पदर बाजूला केला.

आतून चारूनं हाक मारली. हाक कसली, नुसता श्वास. ती विचारत होती, आजी, पुन्हा दूध आहे का? मले नको. अंगणातले रुपरावही हाक ऐकून दाराशी आले होते. पण उंबऱ्यावरच थांबले, चपलांकडे पाहत.

भागीरथाबाई नातीच्या खोलीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. पुढच्या खोलीतली देवपूजेची पेटी तिथून समोर दिसे. त्यांनी तिच्याकडे एकदा पाहिलं, लेकाकडे एकदा पाहिलं आणि मग सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात नातीला म्हणाल्या,

"दूध नाही, माय. अंडं आहे. ताजं. तुही माय उकडून देऊन राहिली, थे उघड्या डोळ्यानं खाय. पाप लागन तं मले लागन."